मेजर लीगचं घर

आखातातल्या अहमदीत तेलकंपनीच्या अमेरिकन साहेबांचं बेसबॉलचं मैदान होतं. धूळ उडू नये म्हणून तिथल्या वाळूवर कच्चं तेल शिंपडावं लागे. ते काम आमच्या हर्णैच्या बदरुद्दीनकडे. एरवी तो तारेचे दोर सांधायचा, आणि त्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता.

सत्तावन्न साली साहेबानं त्याला हेड रिगर, म्हणजे दोरकाम करणाऱ्यांचा मुकादम, नेमायचं ठरवलं. पाठीवर थाप मारून म्हणाला, "बदरू, आता तू मेजर लीगमध्ये!" मेजर लीग म्हणजे त्यांच्या बेसबॉलची सगळ्यात वरची पायरी; आमच्यासारख्यांसाठी हेड रिगरच्या वर काही नव्हतंच. बदरुद्दीनला मात्र त्यातलं एकच कळलं. मला विचारलं, "सिराजभाय, म्हंजे घर भेटंल ना? शहरबानूला आनता येल?"

सहा वर्षांत त्यानं बायकोला दोनदाच पाहिलं होतं.

कंपनीत कारकून मी. त्याचं नाव पुढे करणारा मीच, आणि त्या फुशारकीत शहरबानूचं बोटीचं तिकीट पाठवणाराही मीच. डॉक्टरी तपासणी बाकी होती, पण मी तो नुसता सोपस्कार धरला. त्याचा खोकला मला रोज ऐकू यायचा. इथं कोण खोकत नाही, म्हणून सोडून दिला. अक्कल गहाण टाकली होती, दुसरं काय!

रोजंदारीवर असताना त्याची छाती कुणी तपासली नव्हती. हेड रिगरसाठी छातीचा एक्स-रे काढला. दोन्ही फुप्फुसांत क्षय निघाला. नेमणूक रद्द, घर रद्द, बायकोचा परवाना रद्द. पहिल्या बोटीनं परत जायचा हुकूम झाला.

पहिली बोट तीच होती, शहरबानूला घेऊन येणारी. माझी तार पोचायच्या आत ती मुंबईहून निघाली होती.

बोट दूर समुद्रात नांगरलेली. मी लाँचमधून बदरुद्दीनला सोडायला गेलो. ती कठड्याशी उभी होती, नवा बुरखा घालून. उतरायची परवानगी नव्हती. तो शिडी चढून वर गेला, दोनदा थांबून. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. ती खाली बसली एवढं दिसलं.

थोड्या वेळानं तिनं दोरीला बांधून एक पुडकं खाली सोडलं. नव्या घरासाठी आणलेली, माडाच्या हिरांची केरसुणी होती.

"भाईजान, तुमीच वापरा," ती वरून म्हणाली.

त्याचा खोकला मी रोज ऐकून सोडून दिला होता, तपासणीआधीच तिकीटही मीच पाठवलं होतं, यातलं तिला काहीच माहीत नव्हतं. मला तोंड वर करवेना.