वळसंगच्या मालकांचं भिजलेलं रीळ

सोलापुरात साखर पेठेच्या मागच्या गल्लीत आमचं मोटार वाइंडिंगचं दुकान होतं. पाटीवर नाव सासऱ्यांचं, पुढे टेबलावर आमचे हे, आणि आतल्या बाजूला वाइंडिंगला मी. पंख्यांच्या, पाण्याच्या पंपांच्या, यंत्रमागांच्या जळालेल्या मोटारी यायच्या. हे त्या खोलायचे आणि मी तारेचे वेढे भरायची. बाई वाइंडिंग करते हे गिऱ्हाइकाला दिसू नये म्हणून सासऱ्यांनी मधे पडदा लावला होता. ते गेल्यावर मी तो धुवायला काढला आणि परत लावला नाही.

आणीबाणी लागून वर्ष होत आलं होतं. त्या उन्हाळ्यात एक दिवस सकाळी पन्नाशीचे एक गृहस्थ दुकानात आले. पांढरं धोतर, डोक्याला रुमाल, कपाळावर विभूतीचे तीन ठसठशीत पट्टे. हातात ओल्या पंच्यात बांधलेलं काहीतरी होतं. पंचा सोडला तर आत नारळाएवढी एक वस्तू. एका बाजूला चकतीवर गुंडाळलेला बारीक नायलॉनचा दोरा, दुसऱ्या बाजूला बंद डबी, आणि डबीतून बाहेर आलेल्या दोन वायरी. आम्ही दोघांनी ती फिरवून फिरवून पाहिली. हे काय आहे, असं यांनी विचारलं.

“मासं धरायचं रीळ हाय,” ते म्हणाले. “बॅटरीवर चालतंय. पान्यात पडलं.”

यांनी त्यांच्या कपाळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. लिंगायताच्या घरात अंडं शिजत नाही, आणि हे गृहस्थ मासे धरायचं यंत्र घेऊन आले होते. कुठल्या पाण्यात पडलं, असं विचारलं तर ते म्हणाले, पाणी ते पाणी. गाव मात्र वळसंग सांगितलं. मुलगा बोटीवर नोकरीला आहे, त्यानं जपानहून आणलं, एवढंच आणखी सांगितलं.

हे मला आत घेऊन गेले. माल फॉरीनचा आहे, कागद नाही, पावती नाही, दिवस असे, उद्या कुणी विचारलं तर आपण काय सांगायचं, असं त्यांचं म्हणणं. वस्तू परत देऊन टाकावी. मला ते पटत होतं, पण तसली मोटार मी कधी उघडलेली नव्हती आणि हात नुसते शिवशिवत होते. मी म्हटलं, दोन दिवसांचं काम आहे, करून देऊ.

आम्ही हो म्हटल्यावर रिळाच्या मालकांनी त्यांची अट घातली. वस्तू ते दुकानात ठेवणार नव्हते. रोज अक्कलकोटच्या बशीनं घेऊन येणार, समोर बसून काम करून घेणार आणि संध्याकाळी परत नेणार. शहरातले मिस्त्री आतला चांगला माल काढून जुना घालतात, असं त्यांना कुणी सांगितलं होतं. हे चिडले. मी चिडले नाही, कारण आदल्याच वर्षी यांनी एका गिऱ्हाइकाच्या पंख्यातलं नवं बेअरिंग काढून दुसऱ्याच्या पंख्यात घातलेलं मी पाहिलं होतं. मी तेव्हा बोलले नव्हते.

मालक बाकावर बसले. खिशातून लाल ऑइलपेंटची एक बारकी डबी काढली. मी एकेक स्क्रू, वायसर काढून ताटलीत ठेवायची आणि ते काडीच्या टोकानं त्यावर लाल ठिपका द्यायचे. रॉकेलमध्ये धुतलं की ठिपका निघून जायचा. मग ते पुन्हा द्यायचे.

डबी उघडल्यावर आधी पाणी निघालं. त्यामागोमाग कडुनिंबाचा कुजलेला पाला आणि तांबडा मुरूम. आणि जळक्या व्हार्निशचा वास. भिजलेली मोटार वाळवली तर बहुतेक वाचते, ओली असताना वीज दिली की जळते. ही कुणीतरी ओलीच चालवून पाहिली होती. मी तसं विचारलं.

“न्हाय,” ते म्हणाले. “मी हातबी लावला न्हाय.”

ते खोटं होतं. वायरीच्या टोकांना बॅटरीचा चिमटा लावल्याची ताजी खूण दिसत होती. पण मी दोरा वाळवायला सोडू लागले. मागच्या अंगणात कपड्यांच्या दोरीवर तो सोडत गेले तर त्याला ठरावीक अंतरावर सुती धाग्याच्या गाठी बांधलेल्या, काही लाल, काही काळ्या. शेवटाला गळ नव्हताच. तिथं जुन्या तराजूतलं पावशेराचं लोखंडी वजन अडकवलेलं होतं. गळ कुठं गेला, असं मी विचारलं. मालक माझ्या मागोमाग अंगणात आलेच होते. तुटला, असं म्हणाले आणि दुसरीकडे पाहू लागले.

आता माझ्याही मनात पाल चुकचुकली. कडुनिंबाचा पाला, मुरूम, आणि दोऱ्याला वजन. हे तळं नव्हतं, विहीर होती. विहिरीच्या तळाशी हा माणूस काय शोधतोय? माझ्या डोक्यात नको नको ते येऊ लागलं. विहिरीत गेलेल्या बायकांच्या गोष्टी आमच्याकडे प्रत्येक घरात असतात. घरी कोण कोण असतं, असं मी सहज विचारल्यासारखं विचारलं. बायको, सून, धाकटा भाऊ, त्याचं कुटुंब, असं ते म्हणाले. बायको बरी आहे ना, असं विचारल्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढे विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी आर्मेचरचे, म्हणजे मोटारीच्या फिरत्या गाभ्याचे, जळालेले वेढे काढले. वेढे मोजतच काढावे लागतात, तेवढेच परत भरायचे असतात. मी मनात मोजत होते आणि मालकही ओठ हलवत मोजत होते. मी चाळीस म्हटलं, तर ते म्हणाले एकेचाळीस. पुढच्या खाचेतले पुन्हा मोजले. एकेचाळीसच निघाले.

त्याच दुपारी एक वायसर हरवला. ताटलीत सात ठिपके हवे होते, सहाच होते. मालक उठले आणि दुकानाचं दार ओढून घेतलं.

“मिस्त्री, खिसं दावा,” ते यांना म्हणाले.

यांचा चेहरा पांढरा पडला. एवढ्या वर्षांत असं कुणी बोललं नव्हतं. त्यांनी खिसे उलटे केले, आत विडीचं बंडल आणि काड्यापेटी. मी पदर झटकून दाखवला. बाकाखाली, तारेच्या बंडलात, कचऱ्यात, सगळीकडे शोधलं. खरं सांगायचं तर एक क्षण मीही यांच्याकडे संशयानं पाहिलं. शेवटी मालकांच्याच यंत्राचं कवच उचललं तर आतल्या लोहचुंबकाला वायसर चिकटून बसला होता. मालकांनी वायसर काढून ताटलीत ठेवला, दार उघडलं आणि बाकावर जाऊन भाकरीचं गाठोडं सोडलं. आमच्या घरचं पाणीही ते प्यायचे नाहीत, तांब्या स्वतःचा आणायचे.

तिसऱ्या दिवशी नव्या वेढ्यांना व्हार्निश दिलं आणि पत्र्याच्या डब्यात शंभराचा दिवा लावून आर्मेचर आत ठेवलं. ते वाळेपर्यंत काही काम नव्हतं. मालक हात धुवायला कोपऱ्यावरच्या नळावर गेले. तेवढ्यात एक माणूस दुकानात शिरला. तोच चेहरा, फक्त दहा वर्षांनी लहान. धाकटा भाऊ हे सांगावं लागलं नाही.

“अक्का, आमचं थोरलं रोज हितं काय करत्यात?” त्यानं हळू विचारलं. “वर वकील बसतो काय?”

वर आम्हीच राहतो, असं मी सांगितलं. त्याला ते खरं वाटलं नाही. तो माडीकडे मान वर करून पाहू लागला. तीन दिवस थोरला पहाटेची बस धरतो, काखेत गाठोडं, विचारलं तर सांगत नाही. वाटणीचा दावा लावतोय असं घरात सगळ्यांना वाटत होतं, म्हणून आज तो मागच्या बाकावर बसून त्याच्याच बशीनं आला होता.

मी त्याला अंगणात नेऊन दोरा दाखवला. त्यानं वजन हातात घेऊन पाहिलं आणि गाठी मोजल्या.

“हिरीचं पानी मोजतोय त्यो,” तो म्हणाला. “माझ्या पाळीचं.”

मग मला कळलं. विहीर दोघांत होती. एक दिवस थोरल्याचा पंप, एक दिवस धाकट्याचा. पाणी मोजायला सगळे दोर सोडतात, पण बारीक नायलॉन लांबून कुणाला दिसत नाही आणि मोटार तो झरकन परत ओढून घेते.

मालक नळावरून आले ते थेट अंगणात. भावाला पाहून थांबले. दोघंही आवाज न चढवता बोलले, अर्धं मराठीत, अर्धं कानडीत. मला जेवढं समजलं ते असं. थोरला म्हणत होता, माझ्या पाळीच्या आदल्या संध्याकाळी मोजतो आणि सकाळी परत मोजतो, मधे दोन हात पाणी उतरलेलं असतं. तू चोरून पंप लावतोस. धाकटा म्हणत होता, पाणी उतरतंय हे मलाही दिसतंय, मला वाटलं तूच उपसतोस. त्या दिवशी विहिरीजवळ खोकला तो मीच, तू कडुनिंबाआड का लपलास ते तेव्हा कळलं नाही. थोरल्यानं तेव्हाच घाबरून यंत्र हातातून सोडलं होतं, आणि भाऊ जाईपर्यंत पाण्यात राहू दिलं होतं. मग वायरीनं वर ओढून ते चालतंय का पाहिलं होतं.

मला दोरीवरच्या गाठी दिसत होत्या. पहिल्या दिवशीच मी त्यांच्यातलं अंतर उगाच हातानं मापलं होतं. एक हात, मग पाऊण, मग सव्वा, असं काहीही. सुती धागा गुळगुळीत नायलॉनवर धरत नाही, मोटारीनं ओढला की सरकतो आणि माप चुकतं. मी ते सांगितलं. दोन्ही भावांदेखत एक गाठ चिमटीत धरून सरकवूनही दाखवली.

धाकटा खाली बसला. मालक माझ्याकडे वळले.

“ह्या गाठी तुमीच हलवल्या,” ते म्हणाले. “दोरा तुमच्या हातात हुता की.”

दोरा माझ्याच हातात होता, ही गोष्ट खरी होती. मला राग आला, डोळ्यांत पाणीही आलं, पण मी आत जाऊन आर्मेचर वाळलं का ते पाहिलं. धाकटा भाऊ पुढच्या बशीनं एकटाच निघून गेला.

चौथ्या दिवशी जोडणी केली. मोठ्या मोटारीचे कार्बन घासून लहान केले आणि त्यात बसवले, नवं ग्रीस भरलं, ठिपके मोजून स्क्रू आवळले. यांनी बॅटरी आणून वायरी लावल्या. चकती आधी कुरकुरली, मग सरसर फिरू लागली. मालकांनी ती बंद करून पुन्हा चालू केली, कानाजवळ नेऊन ऐकली. मग पंच्यात बांधली आणि रुमाल नीट करून निघाले. दारात थांबून ते यांना नव्हे, मला म्हणाले, “वेढं एकेचाळीसच भरलं न्हवं?” मी हो म्हटलं. त्यांनी मान हलवली.

पाऊसकाळ संपल्यावर धाकटा भाऊ पंपाची मोटार घेऊन आला. राहवलं नाही म्हणून मी विहिरीची चौकशी केली. दोघांनी मिळून विहिरीच्या आतल्या दगडांवर चुन्याचे आडवे पट्टे मारले होते, वरून कुणालाही दिसतील असे. रोज सकाळी दोघं काठावर उभे राहून पट्टे मोजायचे.

“मग पाणी उतरतं का अजून?” मी विचारलं.

“उतरतंय की,” तो म्हणाला. “कुटं जातंय ते म्हाईत न्हाय. आता पलीकडच्या मळ्यावाल्यावर ध्यान ठिवलंय दोघांनी.”