फॉर्मालिनचा वास
१९८४ च्या जुलैत, मला तिसरा महिना चालू असताना, मी प्राणिशास्त्राच्या एम.एस्सी.ची मिळालेली जागा सोडली आणि इतिहासाच्या एम.ए.ला बाहेरून बसायचं ठरवलं. कारण होतं फॉर्मालिनचा वास. रत्नागिरीच्या त्या प्रयोगशाळेत मासे फॉर्मालिनच्या बरण्यांत ठेवलेले असत. पदवीच्या वर्षांत मी तिथेच मुशी, म्हणजे लहान शार्क, चिरायला शिकले होते आणि पुढे माशांवरच काम करायचं होतं. आता दारातच उलटी येई. माझी आई बंदरावर मासळी विकायची. पावसात होड्या बंद, म्हणून माहेरच्या ओटीवर सुकटीची पोती होती. तिथूनही मी नाक दाबून पळाले, तशी आई हसली. "म्हावरंवालीची पोर तू! बाजारात बोलू नको हां, बाय. अगो, तुझ्या वेळी मलाही सोसत नव्हतं. पाचव्यात जाईल." हे मी विभागाच्या सरांना सांगितलं. ते म्हणाले, "जाईलही, पण जागा मला उद्यापर्यंतच राखता येते. आणि पोटात मूल असताना या वासात उभी राहा, असं मी कसं सांगू?" दुसऱ्या दिवशी मी नाही म्हणून आले. गणपती गेले, होड्या पुन्हा समुद्रात गेल्या. आईने बांगडे तळले, ते मी मागून घेऊन खाल्ले. त्याच आठवड्यात प्रयोगशाळेत जाऊन एका बरणीचं झाकण उघडलं आणि वाकले. काहीच झालं नाही. खिडकीजवळच्या माझ्या टेबलावर दुसरी मुलगी मुशी चिरत होती. मी झाकण लावलं. जानेवारीत मला मुलगी झाली. पुढे मी शाळेत इतिहास शिकवला आणि तिथूनच निवृत्त झाले.