पौडच्या ओटीवरचे मेंदूवाले

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. रविवारी दवाखान्याच्या ओटीवर पेशंट जमायचे, तसे ते जमतात. एक येऊन टेकतो, तो दुसऱ्याला सरकून जागा देतो, आणि बघता बघता उभं राहायला जागा उरत नाही!

माझा दवाखाना पौडला. काळ पन्नास-साठच्या दशकातला. पुण्याचे डॉ. गद्रे न्यूरॉलॉजिस्ट, म्हणजे मेंदू आणि मज्जातंतूंचे डॉक्टर. मी त्यांचा जुना विद्यार्थी. अशा डॉक्टरांची अखिल भारतीय असोसिएशन तेव्हा नवी नवी होती. देशातले सगळे मेंबर एका एस्टीत बसले असते आणि वर कंडक्टरला पाय पसरता आले असते, इतके थोडे! पण जिद्द केवढी! शहरातल्या इस्पितळात बसून राहायचं नाही, मेंबरांनी खेड्यांत जाऊन पेशंट बघायचे, असं एका सभेत ठरलं. गद्रे सरांनी मुळशी तालुका उचलला. महिन्यातला एक रविवार त्यांनी पौडला दिला, आणि माझ्या ओटीला भाग्य आलं.

मी एकदा विचारलं, "सर, तुमच्याएवढ्या माणसाला असोसिएशन कशाला लागते?"

सर म्हणाले, "अहो डॉक्टर, माणूस कितीही हुशार असला तरी एकटा तो एकटाच!"

*

पहिल्या रविवारी ओटी रिकामी. 'मेंदूचा डाक्टर' म्हणजे वेड्यांचा डॉक्टर, अशी गावभर समजूत. पायरी चढला तो वेडा ठरला! कोण चढणार?

शेवटी मी सरपंचांना गळ घातली. माणूस दिलदार. भर बाजारातून ताठ मानेनं आले आणि बाकावर आडवे झाले. खिडकीत ही गर्दी! सरांनी गुडघ्यावर रबरी हातोडी मारली. पाय उडाला. बाहेर "आरं तिच्या!" झालं. सरांनी डोळे पाहिले, जीभ पाहिली, नाकाशी लवंग धरून वास ओळखायला लावला. मग हसून म्हणाले, "उत्तम! काही दोष नाही."

सरपंच सदऱ्याची बटणं लावत बाहेर आले. त्यांच्या आधीच कुणीतरी बाजारात धावत सुटला होता आणि ओरडत होता, "तपासलं रं! सरपंचाला मेंदू हाय!"

पुढच्या खेपेला ओटी भरली.

*

सर पेशंट आत येण्याची वाट बघत नसत. ओटीच्या कोपऱ्यात खुर्ची टाकून एस्टीतून उतरणारी माणसं न्याहाळत. म्हणायचे, "आजार माणसाबरोबरच उतरतो. नुसतं बघायचं."

एकदा पिरंगुटकडचा एक गडी उतरला. पाय फाकून, जमिनीवर आपटत, नजर सारखी पायांकडे ठेवून चालत आला. ओटीला पोचेपर्यंत कुणी त्याच्याशी एक शब्द बोललं नव्हतं. सरांनी विचारलं, "पाव्हणं, तोंड धुताना डोळे मिटले की तोल जातो ना तुमचा?"

गडी जागीच थांबला. सरांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग हळूच म्हणाला, "माझी बायकू येऊन गेली व्हय हितं?"

पाय कुठे ठेवला आहे हे मेंदूला कळवणाऱ्या तारा बिघडल्या, की माणूस डोळ्यांनी पाय सांभाळतो. डोळे मिटले की गेला! हे मी पुस्तकात वाचून पास झालो होतो. पंधरा पावलांवरून माणसाच्या मोरीतलं कुणी सांगेल, हे मात्र पुस्तकात नव्हतं.

*

एका रविवारी ओटीवरच एका सुनेला फेफरं आलं. पोरगी कोसळली, हातपाय झाडायला लागली. बरोबर सासरे होते, गोविंदराव. वारकरी दिसावा असा शांत चेहरा, पण त्यांनी झटकन पायातली चप्पल काढली आणि तिच्या नाकाला लावली. सर धावले. गुडघ्यावर बसले, चप्पल बाजूला केली, पोरीला एका कुशीवर वळवलं आणि तिच्या डोक्याखाली स्वतःचा कोट सारला. थोड्या वेळानं ती शांत झाली.

गोविंदराव म्हणाले, "डाक्टर, हिला आमी माहेरी सोडायला निघालोय. हे बाहेरचं हाय. आमच्याच्यानं न्हाई निभायचं."

सर त्यांच्याशेजारी ओटीवर बसले. म्हणाले, "गोविंदराव, आमच्या सभेला बंगालचे डॉक्टर येतात, मद्रासचे येतात, पंजाबचे येतात. तुमच्या मुलखात फेफऱ्यावर काय करतात, असं आम्ही सगळ्यांना विचारलं. देशात भाषा चौदा, पण उपाय एकच निघाला. चप्पल! आणि त्यानं आजवर एकही माणूस बरा झालेला नाही. गोळ्यांनी झालेत. मी पाहिलेत. वर्षभर द्या मला."

गोविंदरावांनी चप्पल उचलली. मग ती पायात घातली आणि सुनेला घेऊन घरी गेले. माहेरी नाही, घरी.

गोळ्या लागू पडल्या. वर्ष सरलं, तरी सून घरातच होती. पौडच्या बाजारात एकदा कुणाला तरी फेफरं आलं. गर्दी वाकली, आणि मागून गोविंदरावांचा आवाज दणाणला, "चपला पायात घाला! कुशीवर वळवा त्याला! असोशेशनचा हुकूम हाय!"

*

मद्रासचे एक मोठे प्रोफेसर सरांचे स्नेही. दोघांची ओळख असोसिएशनमधलीच. पुण्याला आले होते, म्हणून सर त्यांना पौडला घेऊन आले. मराठीचा गंध नाही. समोर धरणाकडच्या गावातली गंगूआजी, हात कापतो म्हणून आलेली. प्रोफेसरांनी एक शब्द न बोलता सगळी तपासणी खुणांवर केली. नाकाला बोट लाव, दाखवलं. गाल फुगव, दाखवलं. जीभ काढ, स्वतःची काढून दाखवली. काय ती हळुवार बोटं! मी आणि सर हात बांधून बघत उभे.

तपासणी संपली. गंगूआजीनं प्रोफेसरांच्या गालावरून हात फिरवला, आणि सरांकडे वळून कळवळून म्हणाली, "माझं ऱ्हाऊ द्या. ह्या लेकराची वाचा गेलीया, त्याचं आधी काय तरी बगा!"

*

असोसिएशनचं अधिवेशन एकदा पुण्यात भरलं. सरांनी मलाही नेलं, आणि भुकूमच्या सखारामलाही. त्याचा डावा पाय ओढत होता आणि कारण पक्कं ठरत नव्हतं. अवघड पेशंट सगळ्यांपुढे ठेवायचा, ही तिथली रीत.

मुंबईचे एक नामांकित डॉक्टर म्हणाले, बिघाड पायाच्या नसेत आहे. कलकत्त्याचे म्हणाले, नाही, वर मेंदूत. दोघं इंग्रजीत असे तापले, की सखाराम घाबरला. "काय झालं वो?" मी सांगितलं. तो म्हणाला, "मोटी मानसं हायेत. निम्मं निम्मं करून टाका म्हणावं!"

तळपायावर रेघ ओढली आणि अंगठा वर गेला, तर दोष वर, मेंदूत किंवा कण्यात. पण अंगठ्यानं सकाळपासून कुणालाच नीट कौल दिला नव्हता. तेवढ्यात अध्यक्ष उठले. पिकलेले केस, देशभर नाव. व्यासपीठावरून खाली आले आणि सुटाबुटासकट सखारामपुढे जमिनीवर बसले. त्याचा भेगाळलेला पाय मांडीवर घेतला आणि दोन्ही हातांनी चोळत राहिले. पाय गार होता, तो ऊब येईपर्यंत चोळला.

सखाराम कावराबावरा झाला. "अवं, अवं! पायाला हात मी लावायचा, तुमी न्हाई!"

अध्यक्षांनी खिशातली किल्ली काढून तळपायावर हलकेच रेघ ओढली. अंगठा संथपणे वर गेला. पहिली टाळी वाजली ती मुंबईच्या डॉक्टरांची. जे हरले होते, त्यांची!

*

आणि हौसाबाई.

ताम्हिणीकडच्या एका वाडीतली. वय तिशीच्या आत, दोन लहान पोरं. कमरेखालचं अंग हळूहळू मेलं होतं. चुलीतला निखारा पायावर पडला आणि कातडं जळल्याचा वास आला, तेव्हा तिला समजलं. घरात दुसऱ्या बायकोची बोलणी चालू होती. नवरा विठू मात्र त्या बोलण्यातून उठला आणि तिला पाठंगुळी घेऊन पौडला आला.

सरांनी तिला पालथं निजवलं आणि टाचणीनं पाठीवर खालून वर हलके हलके टोचत गेले. "कळतंय?" "न्हाई." "आता?" "न्हाई." पाठीच्या मध्यावर ती एकदम "आई गं" म्हणाली. सरांनी तिथे शाईनं रेघ ओढली. "इथे मज्जारज्जूवर गाठ दाबतेय. काढता येईल."

त्या वेळच्या साध्या एक्स-रे फोटोत काही दिसेना. मुंबईत असोसिएशनचेच एक सर्जन होते. सरांनी हौसाबाईला त्यांच्याकडे नेलं, मी बरोबर होतो. सर्जननी फोटो पाहिला, पाठ पाहिली, आणि एवढंच विचारलं, "रेघ गद्रेंनी ओढलीय?" मग त्या रेघेवर सुरी ठेवली. गाठ तिथेच होती. जांभळाएवढी.

बाई घरी गेली तेव्हा काठीवर उभी राहत होती, पण तळपाय अजून बधिरच होते. सर म्हणाले, "वाट बघू." मग पावसाळा आला, वाडीची वाट बंद झाली, आणि आम्हाला काही कळेना.

दिवाळीनंतरच्या रविवारी ओटीवर गलका झाला. हौसाबाई! काठी नाही. लंगडत, पण आपल्या पायांनी. मागे विठू, त्याच्या कडेवर धाकटं पोर. बाईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आणि तोंडभर हसू.

"डाक्टर, रानात गेल्ते. काटा मोडला वो! लई दुखतंय!"

सर खाली बसले. तिची टाच हातात घेतली. बाभळीचा लांबलचक काटा, खोल रुतलेला. त्यांनी चिमट्यासाठी माझ्याकडे हात केला.

हौसाबाईनं पाय मागे घेतला.

"एवढ्यात नगा काढू, डाक्टर. जरा दुखू द्या."