गालावरून फिरवलेली कामटी

बोरीच्या बाजारात सुपं-टोपल्या विकणारा हा माणूस मुळात बोलतो कमी, आणि बोललाच तर हातातल्या बांबूकडं बघून.

मी मास्तर माणूस. सुट्टीच्या दिवशी येलदरीच्या धरणात हौसेनं लहानशी शिडाची होडी चालवतो. शीड ताठ राहावं म्हणून त्याच्या कापडी कप्प्यांत लवचिक पट्ट्या सरकवतात. पट्टी मोडली की कापडही फाटतं. माझ्या पट्ट्या तडकल्या तेव्हा मी त्याच्याकडं गेलो. त्यानं जन्मात शीड पाहिलं नव्हतं. तुटकी पट्टी वाकवून बघत त्यानं एवढंच विचारलं, "वारा कुन्या अंगानं येतो?" आणि बांबूची कामटी त्या अंगाला पातळ तासली.

तासलेल्या कामटीला कुठं टोचणारी बारीक कूस राहिली का हे बघायला तो प्रत्येक कामटी स्वतःच्या गालावरून फिरवतो. "सुपाची कूस बाईच्या हातात जाती," म्हणतो, "हिची कापडात जाईल."

पट्ट्या बसवायला तो धरणावर आला. वारा झकास सुटला होता, मला निघायची घाई. त्यानं बसवलेली शेवटची कामटी परत ओढून काढली, गालाला लावली आणि गुडघ्यावर कडकन मोडली.

"अहो, चालली असती की!" मी चिडलोच.

तो खाली बसून निवांत दुसरी तासत राहिला. ती होईपर्यंत वारा पडला. माझा राग ओसरल्यावर मी म्हणालो, "चला, एक चक्कर मारू."

तो दोन पावलं मागं सरकला.

"न्हाई मास्तर, मला पान्याचं लय भ्याव वाटतंय. म्हनून तर ती कामटी मोडली, तुमी त्याच पान्यावर जानार व्हता."