सहा आऱ्यांचं चाक

अहेरीत बाजाराच्या रस्त्याला माझं शिवणकामाचं दुकान आहे. भरतकामही करते. स्वभाव पहिल्यापासून संशयी. गिऱ्हाईक फार गोड बोललं की मी कापड दोनदा मोजून घेते.

एका बाजाराच्या दिवशी साठीकडे झुकलेला माणूस कागदावर काढलेलं चित्र घेऊन आला. फौजेच्या रसद पोचवणाऱ्या तुकडीत ट्रक चालवत होता म्हणे. जुना बिल्ला हरवला, तसाच भरून हवा. चित्रात एक चाक आणि दोन्ही बाजूंनी गव्हाच्या ओंब्या. मोटारी येण्याआधी बैलगाड्या धान्य वाहायच्या, तेव्हापासूनचं ते चाक, असं त्यानं समजावलं.

मी आरे मोजले. सहाच! विहारासाठी मी इतकी चक्रं भरलीत की हात आपोआप आठ आरे घालतो. तिरंग्यावर चोवीस. मग सरकारी चाकाला सहा कसे? विचारलं, तर म्हणाला, "बाई, हे धम्मचक्र नाई. गाडीचं चाक हाय."

मला काही ते पटलं नाही. ओळखपत्र मागितलं, तर ते घरी राहिलेलं. त्याचं गाव जंगलात आत. फौजेतून आला म्हणजे पोलिसांचा खबऱ्या, अशी कुजबुज गावात चालली होती म्हणे, आणि तिकडे नक्षलवाद्यांच्या कानावर गेली की अशी कुजबुज जिवावर उठते. बिल्ल्यावर बंदूक नाही, मी फक्त जेवण पोचवायचो, एवढंच त्याला लोकांना दाखवायचं होतं. गोष्ट छान रचलीय, मी मनात म्हटलं. तो गेल्यावर, कोणी तोतया फौजी आलाय म्हणून पोलिसांना फोन केला.

बिल्ला मात्र भरून ठेवला. पुढच्या बाजाराला तो आला आणि त्यानं ओळखपत्र मशीनवर ठेवलं. त्यावर तेच चाक होतं. तरीही मी आरे मोजलेच. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बिल्ला पुढे केला, तर त्यानं घेतला नाही. पोलिसांची जीप त्याच्या घराच्या दारात आली होती, तो सांगत होता. कागद पाहून त्यांची खात्री पटली, जाताना साहेबांनी हात मिळवला. सगळा गाव बघत उभा होता. फोन कोणी केला, हे त्यानं विचारलं नाही.

"आता हे कोणाले दाखवू, बाई?" एवढंच म्हणाला.

बाहेर त्याची बायको गाठोडी घेऊन उभी होती. दोघं लेकीकडे बल्लारपूरला निघाले होते, कायमचे.