लिंबाला ताण देणारे काका

या जगात प्रत्येक गोष्ट चुकीच्या वेळी घडते आणि ती योग्य वेळी घडवून आणायची जबाबदारी आपल्या एकट्यावर आहे, असं मानणारा माणूस मी एकच पाहिला. आमच्या खालचे काका. आम्ही मुंबईत नाहूरला पहिल्या मजल्यावर, ते आमच्या बरोबर खाली. मूळचे मालवणकडचे, विक्रोळीच्या एका कारखान्यात उभा जन्म काढून निवृत्त झाले आणि घरामागच्या एका लिंबाच्या झाडाला चिकटले. चहा उकळला तरी काकूंना म्हणायचे, "थांब गो, अजून वेळ येवक नाय." केस वाढले की आम्हाला वाटायचं विसरले असतील, पण काका डोक्याचा हंगाम बघत असायचे. एकदा माझी बढती रखडली तेव्हा मला म्हणाले, "झाडाक पाणी जास्त झाला की फळ धरणा नाय. तू आठ दिवस रजा घे. हापिसाचा पाणी तोड, मगे बघ कसो मोहोर येता तो!" मी मूर्खासारखं ऐकलं आणि रजा घेतली. माझ्यावाचून काहीही अडत नाही हे साहेबांना त्या आठ दिवसांत पहिल्यांदाच कळलं. काकांचं मत मात्र, ताण कमी पडला.

हे सगळं ज्ञान त्या लिंबापायी आलेलं. त्यांच्या एकुलत्या एका लेकीने शाळेत असताना सरबतातली बी खिडकीखाली खोचली होती, तिचं ते झाड. ते फळं धरायच्या आतच लेक लग्न होऊन नागपूरला गेली. दर मे महिन्यात मुलांना घेऊन यायची, शाळा उघडायच्या आत परतायची. आणि झाड असं खट्याळ, की ती गेली रे गेली की जुलैत पिवळंधमक. भर पावसात लिंबं खाणार कोण? काकू सगळ्या बिल्डिंगला लोणचं वाटायच्या. लेकीने आपल्या हाताने लावलेल्या झाडाचं एक ताजं फळ कधी तोंडात घातलं नव्हतं. बरणी बांधून दिली तर म्हणायची, "बाबा, झाडावरचं तोडून खाण्यात मजा आहे ना!" हे वाक्य काकांच्या जिव्हारी लागलं.

मग त्यांनी हस्त बहार धरायचं मनावर घेतलं. म्हणजे पावसाच्या तोंडावर छाटणी करायची, हस्त नक्षत्राच्या आधी मुळांचं पाणी तोडून झाडाला ताण द्यायचा. झाड घाबरून ऑक्टोबरात फुलतं आणि उन्हाळ्यात फळ देतं. देशावरचे बागाईतदार हे करतात. मुंबईच्या पावसात हे करायला निघालेला माणूस म्हणजे समुद्रात उभं राहून कपडे वाळवणारा. पण काकांनी झाडाच्या बुंध्याभोवती ताडपत्री अंथरली, भोवती चर खणला आणि छत्री धरून राखणीला बसले. चराचं पाणी गेलं थेट सोसायटीच्या सेक्रेटरींच्या स्कूटरखाली. "काका, झाडाला रेनकोट कसला घालताय?" असं ते ओरडले तेव्हा काका शांतपणे म्हणाले, "तुमची स्कूटर फळ देता काय? मगे गप ऱ्हवा."

पहिल्या वर्षी झाडाची पानं गळाली. काकू रडल्या, "पोरीचा झाड मारलात तुम्ही," म्हणून त्यांनी काकांशी बोलणं सोडलं. दुसऱ्या वर्षी फुलं आली आणि झडली. काका दर वर्षी कात्रीला तेल लावत, जरा इकडे जरा तिकडे छाटत राहिले. आम्ही त्यांची यथेच्छ थट्टा केली. आणि एका ऑक्टोबरात सकाळी खिडकी उघडली तर लिंबाच्या फुलांचा वास थेट माझ्या चहात. काका खाली उभे होते आणि झाडाशी हळूहळू काहीतरी बोलत होते.

फळं सुपारीएवढी झाली तेव्हा लेकीचा फोन आला. जावयाची बदली परदेशी झाली होती. तिथे शाळांना सुट्टी जुलैत. त्या वर्षी येणंच नव्हतं, आणि पुढेही मेमध्ये जमायचं नाही. त्या मे महिन्यात झाड लिंबांनी वाकलं होतं. बाजारात लिंबू हुंगायलाही परवडत नव्हतं, त्यामुळे बिल्डिंगभर काकांचा जयजयकार झाला. काका पिशव्या भरून दारोदार देत होते, पण चेहरा सुतकातला. मला फार वाईट वाटलं त्यांचं.

त्या पावसाळ्यात काकांनी कात्री काढलीच नाही. ताडपत्री सेक्रेटरींच्या स्कूटरवर घातली. झाड आपल्या जुन्या वळणावर गेलं, आणि पुढच्या जुलैत लेक आली तेव्हा बरोबर पिवळं झालं. भर पावसात तिने स्वतः लिंबं तोडली. "बाबा, पावसात सरबत कोण पितं? वाट लागेल ना घशाची!" असं म्हणत दोन ग्लास प्यायली आणि शिंकत बसली. काका तिच्याकडे बघत होते. वेळेचं नावसुद्धा त्यांनी काढलं नाही.

तिचं विमान उडालं त्याच्या दुसऱ्या दिवशी पावसाची उघडीप होती. काका झाडाखाली स्टुलावर बसले होते. मी शेजारी टेकलो आणि आपलं काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "काका, आता छाटणी कायमची बंद ना? बरोबर तिच्या सुट्टीत फळ येतं."

"येता रे," ते म्हणाले. "झाडाचो बहार मागे-फुडे करूक येता. ह्या विमानाक ताण कसो देवचो, ता सांग."

वर अजून बरीच लिंबं होती. काकूंनी खिडकीतून लोणच्यासाठी परात पुढे केली आणि आम्ही दोघं ती लिंबं काढायला उठलो.