अळंब्यांचा कुटुंबफोटो

शिरपूरच्या पुढे सातपुड्यात मी अळंब्यांचे फोटो काढत हिंडायचो. एकदा वारुळावर सुरेख झुबका दिसला आणि रोलमध्ये एकच फोटो उरला होता. कॅमेरा डोळ्याला लावतोय, तोच टोपलीवाल्या एका आजीबाईंनी तो सगळा झुबका उपटला. मी चिडून कॅमेरा खाली घेतला. त्यांनी एकेक अळंबी पदराने पुसली आणि दगडावर मांडली.

"फोटूमा पोरे पुढे बसाडतस, भाऊ," त्या म्हणाल्या. "मांगे हाई सासू, हाई सून."

मी बटण दाबलं. लगेच सगळं कुटुंब भाजीसाठी टोपलीत गेलं.

घरी आलेले पाहुणे अजून भिंतीवरच्या त्याच फोटोपाशी थांबतात, किस्सा ऐकतात आणि विचारतात, यातली सून कुठली? मी कडेची, मान वळवून बसलेली दाखवतो.